तिसरा वेढा

रविवार, ९ फेब्रुवारी

ती. काका,

नमस्कार. काकूंनाही माझा नमस्कार सांगा. त्यांचे गुडघे आता कसे आहेत?

पत्र पाहून नवल वाटेल, कदाचित रागही येईल. तीन वर्षांत साधा फोन नाही आणि आता एकदम हे जाडजूड पाकीट. फोन करायला दोनदा नंबर काढला होता. पण पलीकडून तुमचं ते "हां, बोला" आलं की माझी वाचा बसणार हे मला ठाऊक आहे. कागदाचं बरं असतं, तो समोरून काही विचारत नाही.

सकाळी लिहायला बसले, आता दुपार झाली. मध्ये उठून कपडे वाळत घातले, मिक्सर पुसला, पंख्याची पाती पुसली. आई म्हणाली, "आज कोण पाहुणे येणार आहेत का?" टेबल खिडकीपासून भिंतीकडे ओढलं आणि पुन्हा खिडकीकडे आणलं. हल्ली असंच चाललंय. एका जागी बूड टिकत नाही.

आधी प्रयोगशाळेची खबर. आपली खोली आहे तशीच आहे. खिडक्यांना काळा कागद, दारावर लाल दिवा, आत लेझरच्या पंख्यांची घरघर. तुम्ही खडूने लिहून वर वार्निश मारलेली ती पाटी, "आधी पाणी, मग करंट", तीही भिंतीवर आहे. वर्कशॉपमध्ये तुमच्या लेथवर नवा फिटर आलाय. तरुण आहे, कामाला बरा आहे, पण हत्यारं जागेवर ठेवत नाही. तुम्ही असतात तर पहिल्याच आठवड्यात त्याला वळण लावलं असतंत.

आणि मोठी बातमी म्हणजे प्रयोग झाला. तुम्ही मला नेहमी विचारायचात, "एवढं गार करून शेवटी बघायचं काय असतं?" आणि मी "सांगते, सांगते" म्हणत तुमचा चिमटा घेऊन पळायचे. आता सांगते, कारण आता दिसलंय.

लिथियमची वाफ घ्यायची. लेझरने तिला आवर घालत घालत इतकी गार करायची, की ज्याच्याखाली तापमानच नाही त्या टोकापासून ती अंशाच्या कोटीव्या भागावर येते. डोळ्याला काहीच दिसत नाही. कॅमेऱ्यात तांदळाच्या दाण्यासारखा एक ढग दिसतो. त्यात दोन-तीन लाख अणू. हे अणू भारी शिष्ट. हुबेहूब आपल्यासारखा शेजारी त्यांना चालत नाही. (तुम्ही म्हणाला होतात, "आमच्या जिन्यातल्या मंडळींसारखे.") पण जरासा वेगळा असेल तर चालतो, त्याच्याशी जोडी जमते. ती जोडी घट्ट की सैल, हे मात्र आपल्या हातात असतं. कॉइलमधला करंट बदलला की चुंबकाचं क्षेत्र बदलतं, आणि क्षेत्र बदललं की अणूंची एकमेकांकडची ओढ बदलते.

सावकाश बदललं तर अणू सावकाश जुळवून घेतात. त्यात बघण्यासारखं फार नाही. आम्हाला बघायचं होतं ते हे, की ओढ एका झटक्यात बदलली तर ढगाचं काय होतं. काका, तो लगेच नव्या जागी बसत नाही. जोड्या घट्ट होतात, जरा जास्तच घट्ट होतात, मग सैल पडतात, पुन्हा घट्ट, सगळ्या एका तालात. आणि हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. मग ताल विरत जातो. एका ढगाचा एकच फोटो निघतो, फोटो काढला की तो ढग संपला. वीस सेकंदांनी नवा ढग, पुन्हा तोच झटका, फक्त फोटो केसभर उशिरा. असे काही हजार फोटो ओळीने लावले तेव्हा हेलकावे दिसले. तीन स्वच्छ दिसतात. चौथा सरांना दिसतो, मला दिसत नाही.

तो झटका देता यावा म्हणूनच त्या वर्षी आपण सगळे घाईत होतो. असो.

माझा प्रबंध लिहून झालाय. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तोंडी परीक्षा, आणि नंतर दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळतेय. आई खूश आहे. आभाराचं पान तेवढं राहिलंय. तुमचं नाव लिहिलं, काढलं, परत लिहिलं. आत्ता ते पानावर आहे की नाही, हेही मला फाइल उघडून बघावं लागेल.

तुमची थोरली मागच्या महिन्यात दवाखान्यात भेटली. मी आईचं ब्लडप्रेशर दाखवायला गेले होते, ती मुलाला घेऊन आली होती. सगळे बरे आहेत म्हणाली.

आणखी एक. तांब्याच्या पोकळ नळीची, आतून पाणी फिरवायची ती तुम्ही बनवलेली जुनी कॉइल कपाटातून काढलीय. शाळेची मुलं प्रयोगशाळा बघायला येणार आहेत, त्यांना ती आतून कशी असते ते दाखवावं असं सरांच्या मनात आहे. नवा फिटर मंगळवारी ती कापणार. तुम्हाला कळवावंसं वाटलं. का, ते नीट सांगता येत नाही.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

तुमची,
चिमटेचोर


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ती. काका,

नमस्कार.

उत्तर नाही आलं तरी चालेल असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. रोज दोनदा खाली जाऊन पत्रपेटी बघते. पोस्टमन आता मला लांबूनच मानेने नाही म्हणतो.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट अर्धी सांगितली आणि एक सांगितलीच नाही. अर्धी आधी पुरी करते.

तुमची थोरली फक्त "सगळे बरे आहेत" एवढंच म्हणाली नव्हती. आम्ही रांगेत अर्धा तास शेजारी शेजारी बसलो होतो. मी सहज विचारलं, "काका घरी काय करतात? लेथ टाकणार होते ना मागच्या खोलीत?" ती म्हणाली, "कुठला लेथ? बाबा हत्याराला हात लावत नाहीत. सगळी तेल लावून, गुंडाळून माळ्यावर टाकलीत. शेगडीची नळी बदलायची असली तरी बाहेरून माणूस बोलावतात." मी विचारलं, हाताला काही झालंय का. "काही नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. थरथर नाही, काही नाही. पण म्हणतात, माझा हात मला फसवतो. एकदा फसवलं, पुन्हा फसवेल. कुणाच्या घरात स्फोट झाला तर?" मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही होतात ना तेव्हा तिथे? खरंच एवढी मोठी चूक होती त्यांची?"

आमचा नंबर आला. मी आईला घेऊन आत गेले. 

त्या दिवसापासून मला झोप लागते पण बसवत नाही. जेवताना मी उभी असते. आई म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय." काका, मला तीन वर्षं वाटत होतं, तुम्हाला फक्त लोकांचा राग आला असेल. तुम्ही मनात म्हणत असाल, कॉइलचा सांधा माझा चांगला होता, ही मंडळी काहीही बोलतात. तुम्ही स्वतःही ते खरं मानून बसला असाल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता न सांगितलेली.

मंगळवारी फिटरने कॉइल कापली. मी काहीतरी काम काढून तिथे उभी राहिले. त्याने आधी तुमच्या सांध्यापासून चार बोटांवर करवत लावली, मग सांधाच उभा चिरला. चिरलेली बाजू कानशीने साफ केली, बोटाने चोळली आणि म्हणाला, "मॅडम, हा फुटला म्हणता? हा तर धडधाकट आहे. जोडाची चांदी कडेपर्यंत कशी भरलीय बघा. इतकं चांगलं ब्रेझिंग मला जमत नाही." मग त्याने बाकीचे वेढे सुटे केले. भोक तिसऱ्या वेढ्यात होतं. आतल्या बाजूला, हरभऱ्याएवढं, कडा वितळलेल्या. शेजारच्या वेढ्यावर काळा डाग. सांध्यापासून हातभर लांब. "इथलं इन्सुलेशन जळलंय," तो म्हणाला, "शेजारी शेजारी चिकटून ठिणगी पडली आणि भोक गेलं. पाणी नसताना चालवली होती की काय?"

मी म्हटलं, "हो."

तीन वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, आणि म्हटलं कुणाला, तर ज्याला त्या दिवसाचं काहीच माहीत नाही त्याला. त्याने नुसती मान हलवली आणि करवत पुसायला लागला.

आता तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं सांगते. तुम्हाला आठवत असेल, झटका द्यायला लागल्यापासून, पाणी थांबलं की करंट तोडणारा तो फ्लो स्विच त्रास देत होता. पाणी नीट वाहत असलं तरी करंट एकदम बदलला की तो घाबरायचा आणि सगळं बंद पाडायचा. एकदा बंद पडलं की ढग पुन्हा नीट जमायला वीस मिनिटं जायची. मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही म्हणालात, "दोन दिवस दे, स्विचच्या तारेवर जाळी चढवून देतो, म्हणजे फसणार नाही. तोवर चालवू नकोस." मी हो म्हणाले.

आम्हाला कळलं होतं की दुसरा एक गट तेच मोजतोय. सर रोज सकाळी दारात डोकावून फक्त भुवया उंचावायचे. दोन दिवस म्हणजे मला दोन वर्षं वाटली. मी वीतभर तार घेतली, दोन्ही टोकं सोलली आणि फ्लो स्विचच्या दोन टोकांवर लावून टाकली. आता स्विचला काही कळो न कळो, करंट चालूच राहणार. सकाळभर काम इतकं छान चाललं की मी जेवायलाही गेले नाही.

दुपारी पंपघरात काहीतरी दुरुस्ती निघाली आणि पाणी बंद झालं. मला कळलं नाही. कळवणारा एकच होता, त्याचं तोंड मी बांधून ठेवलं होतं. वास आल्याबरोबर मी बंद करायला धावले, पण तेवढ्यात पाणी परत आलं, तापलेल्या नळीत शिरलं आणि आवाज झाला. वाफ, पाणी, आरशांवर पाणी, लेझरच्या टेबलावर पाणी. तुम्ही वर्कशॉपमधून पळत आलात आणि उघड्या हाताने व्हॉल्व्ह बंद केलात. तळहात भाजला तुमचा.

सर येईपर्यंत मी तार काढून खिशात घातली होती.

पाणी सांध्याजवळून ठिबकत होतं, कारण नळीवरून वाहत वाहत ते तिथेच खाली यायचं. सरांनी विचारलं, "फ्लो स्विचने करंट का नाही तोडला?" आणि मी म्हणाले, "सर, स्विच आधी येतो, सांधा नंतर. सांधा फुटला असेल तर स्विचमधून पाणी वाहताना दिसणार, पण आतल्या वेढ्यांना मिळणार नाही." किती नीट वाक्य होतं बघा. माझं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात कामी आलं. सरांनी तेच अहवालात लिहिलं. त्यावर तुमची निवृत्तीनंतरची ठरलेली दोन वर्षांची मुदतवाढ गेली. तुम्ही निरोपाच्या चहालाही आला नाहीत, आणि मी त्या दिवशी रजा टाकली.

चौकशी समितीपुढे तुम्ही एवढंच म्हणालात, "सांधा माझाच आहे. तो फुटला असेल तर चूक माझी." मी तुमच्या मागच्या खुर्चीवर बसले होते.

काका, तुमचा हात फसवत नाही. त्याने कधीच फसवलं नाही. सांध्याचा चिरलेला अर्धा भाग या पत्राबरोबर वेगळ्या पार्सलने पाठवतेय. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः भिंग लावून बघा.

हे सरांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सांगणार. तुम्हाला आधी कळायला हवं असं वाटलं.

माफी मागायला बसले होते, पण ती मागितली की द्यायची की नाही याचं ओझं तुमच्यावर येईल. तेवढं तरी तुमच्यावर टाकत नाही.

तुमची अपराधी


मंगळवार, ११ मार्च

काका,

तुमचा कागद काल मिळाला. आलेखाच्या वहीतलं पान, वर माझं नाव नाही, खाली तुमचं नाव नाही, मध्ये चार प्रश्न. अक्षर लगेच ओळखलं. जिन्यातच वाचलं आणि तिथेच खाली बसले. वरच्या मजल्यावरच्या आजी मला ओलांडून गेल्या.

उत्तरं देते. त्याआधी मध्ये काय झालं ते सांगते, कारण तुम्हाला ऑफिसचं पत्र येईल आणि ते कोरडं असेल.

ठरवल्याप्रमाणे त्या सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, जुन्या कॉइलबद्दल बोलायचंय." ते म्हणाले, "शाळेची मुलं गुरुवारी येताहेत, तोवर तुकडे घासून ठेवायला सांग." मी म्हटलं, "त्या दिवशी फ्लो स्विचवर मी तार लावली होती." त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. मग विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"काकांना लिहिलंय."

"मला सांगायच्या आधी?"

"हो."

"तुझी परीक्षा महिन्यावर आली. त्या अहवालावर माझी सही आहे. परीक्षा होऊ दे, मग बघू काय करायचं ते. तीन वर्षं गेलीच आहेत, अजून एक महिना."

मी म्हटलं, "सर, काका घरी शेगडीची नळी बदलत नाहीत."

त्यांना ते समजलं नाही, म्हणून तुमच्या थोरलीने सांगितलेलं सगळं सांगितलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, रागावू नका. ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. तिथे काळाच कागद आहे, बघण्यासारखं काही नाही. मग म्हणाले, "तू आता जा."

 पुढचे तीन दिवस मी खोलीत फेऱ्या मारायचे. लेझर जुळवायला घेतला तर हात घसरायचा, मोजमापं घ्यायला बसले की आकडे उलटे लिहायचे. फिटरने शेवटी हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही आज नुसत्या बसा." बसता आलं असतं तर काय हवं होतं. चौथ्या दिवशी सरांनी माझ्या टेबलावर दोन पानं ठेवली. नवा अहवाल, त्यांनी स्वतः टाइप केलेला. शेवटचं वाक्य असं आहे: "कॉइल उघडून न पाहताच निष्कर्ष काढण्यात आला, ही माझी चूक." मला म्हणाले, "तारखा तपास आणि खाली सही कर." दारापर्यंत गेले आणि वळले. "मला ते कारण सोयीचं होतं. माणूस जाणार होताच, असं मी स्वतःला सांगितलं."

समिती परत बसली. माझी परीक्षा सहा महिने पुढे गेली. त्या दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला मी स्वतःच कळवलं. त्यांनी सभ्य भाषेत लिहिलं की जागा इतके दिवस रिकामी ठेवता येणार नाही. आई म्हणाली, "आधी का नाही सांगितलंस मला?"  हे सगळं तुम्हाला माझी कीव यावी म्हणून लिहीत नाही. मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुम्हाला वाटेल, हिने हेही लपवलं.

फिटरला तुम्हाला भेटायचंय, ब्रेझिंग शिकायचंय. मला म्हणाला, तुम्ही शब्द टाका. मी म्हटलं, माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही, तुझं तू विचार.

आता तुमचे प्रश्न.

पहिला. पाणी किती वेळ बंद होतं?

अकरा मिनिटं. पंपघराची जुनी नोंदवही परवा जाऊन पाहिली. दोन वाजून चाळीस ते दोन एक्कावन्न. प्रत्येक ढगामागे वीस सेकंदांतले आठ सेकंद पूर्ण करंट होता. मी गणित मांडून पाहिलं, तांबं चारशे अंशांच्या पुढे गेलं असणार. इन्सुलेशन त्याच्या खूप आधी जळतं. तुमची चांदी साडेसहाशेपर्यंत हलत नाही. तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

दुसरा. तार कधी काढलीस?

तुम्ही व्हॉल्व्ह बंद करून नळाखाली हात धरायला गेलात तेव्हा. तुमची माझ्याकडे पाठ होती.

इथेच मला मागच्या पत्रातली एक ओळ दुरुस्त करायची आहे. मी लिहिलं होतं, वास आल्याबरोबर बंद करायला धावले. तसं झालं नाही. वास मला आधीच आला होता. गरम वार्निशचा, गोडसर. मला वाटलं, एवढा एक फोटो. मग वाटलं, अजून एक. ढग स्क्रीनवर हळूहळू सरकत होता, म्हणजे क्षेत्र बदलतंय, म्हणजे कॉइल तापतेय, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. मलाही कळलं. वास आल्यावर मी आणखी चार ढग केले. म्हणजे ऐंशी सेकंद. तुम्हाला कबुली देतानाही मी ते ऐंशी सेकंद वाचवून ठेवले होते. तुम्ही मिनिटं विचारलीत म्हणून ते बाहेर आले.

तिसरा. सांधा आतून पाहिलास का, की नुसता वरून?

आतून. उभा चिरून, घासून, तीन कागदांनी पॉलिश करून, सूक्ष्मदर्शकाखाली. दोन्ही टोकांना एकसारखी भर, कुठे पोकळी नाही. फोटो नव्या अहवालाला जोडला आहे. पार्सलमधला तुकडा त्याचाच अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा सरांनी मागून घेतला. त्यांच्या टेबलावर आहे.

चौथा. "मी समोर उभा होतो तेव्हा तू कुठे बघत होतीस?"

या प्रश्नाला मी काल दिवसभर दुसरी उत्तरं शोधली. खाली बघत होते असं लिहिलं, फाडलं. तुमच्या भाजलेल्या हाताकडे बघत होते असं लिहिलं. ते बरं दिसलं असतं, म्हणून तेही फाडलं. पाय मोकळे करायला बाहेर पडले ते बाजाराच्या टोकापर्यंत गेले आणि काही न घेता परत आले.

तुम्ही आत आलात तेव्हा मी स्क्रीनकडे बघत होते. आवाज व्हायच्या आधीचा शेवटचा फोटो नुकताच आला होता. त्या दिवसातला सगळ्यात स्वच्छ ढग, कडा कापल्यासारख्या. तुम्ही व्हॉल्व्हशी झटत होतात आणि मला हाक मारलीत, "पोरी, टॉवेल आण." मी ऐकलं. पण आधी तो फोटो साठवला, त्याला नाव दिलं, तारीख टाकली. मग टॉवेल आणला.

तो फोटो माझ्या प्रबंधात तिसऱ्या प्रकरणात आहे. तो खोटा नाही, त्यातले आकडे बरोबर आहेत, त्यामुळे काढताही येत नाही. पान उलटताना दर वेळी समोर येतो आणि मला तुमची हाक ऐकू येते.

आणखी प्रश्न असतील तर लिहा. कितीही लिहा. मी ठरवून, जुळवून उत्तरं देणार नाही. जे झालं तेच लिहीन.

खाली नमस्कार लिहावा की नाही, हे मला कळत नाहीये. लिहिते. घ्यायचा की नाही, ते तुमच्यावर.

नमस्कार.